जुनं आर्केड मशीन: मूळ बोर्ड आणि ट्यूब वाचवायची की आतलं सगळं बदलायचं?

बंद पडलेलं आर्केड मशीन (नाणं टाकून खेळायचं व्हिडिओ गेमचं कपाट) हाती आलं की दोन रस्ते दिसतात. मूळ बोर्ड (गेम चालवणारं सर्किट) आणि पिक्चर ट्यूब दुरुस्त करायची, किंवा दोन्ही काढून एलसीडी आणि शेकडो गेम भरलेला नवा बोर्ड बसवायचा. माझा कल पहिल्याकडे आहे, पण सरसकट नाही. मशीन कोणत्या गेमचं आहे, त्यावरच निम्मा निर्णय ठरतो.

'अ‍ॅस्टरॉइड्स' (१९७९) असेल तर ट्यूब वाचवाच. त्याचा व्हेक्टर मॉनिटर इलेक्ट्रॉन किरणाने थेट रेघा ओढतो, आणि गोळीचा ठिपका काळ्या पडद्यावर अक्षरशः पेटतो. एलसीडीवर त्याच रेघा चौकोनी ठिपक्यांच्या होतात आणि ती झळाळी जाते. ट्यूबच्या किरणावर नेम ओळखणाऱ्या बंदुकीच्या गेमचंही तेच. एलसीडीवर त्या बंदुकीला काही दिसतच नाही.

'पॅक-मॅन'सारख्या (१९८०) गेममध्ये निवडीला वाव आहे. उभ्या मॉनिटरवरचं त्याचं चित्र २२४ बाय २८८ ठिपक्यांचं. ट्यूबवर ठिपक्यांच्या कडा मऊ दिसतात, एलसीडीवर टोकदार. मूळ बोर्ड सेकंदाला साधारण ६०.६ चित्रं पाठवतो, त्यामुळे ६० हर्ट्झच्या पडद्यावर हालचाल मधूनच अडखळते. शिवाय चित्र मोठं करताना थोडा उशीर होतो. सहज खेळणाऱ्याला तो जाणवणार नाही, पण ज्याच्या हाताला मूळ मशीनची सवय आहे त्याला वळणं चुकल्यासारखी वाटतील.

कष्टांच्या बाबतीत एलसीडी उघडच सोपा. १९८५ च्या जामा पद्धतीचं, म्हणजे बोर्ड जोडण्याच्या सामाईक मानकाचं, ५६ पिनांचं कनेक्टर असेल तर बोर्ड बदलणं फारच सोपं. त्याआधीच्या मशीनमध्ये मात्र वायरिंग वेगवेगळं असतं. तिथे अडॅप्टर करून घ्या, मूळ वायरी कापू नका. लाकडालाही नवी भोकं पाडू नका. काढलेला प्रत्येक भाग नाव लिहून जपून ठेवला, तर मशीन कधीही पूर्वस्थितीत आणता येतं.

मूळ दुरुस्तीत ट्यूबची बाजू धोक्याची आहे. ट्यूबच्या ॲनोडवर (उच्च दाबाच्या टोकावर) वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि मशीन बंद केल्यावरही तो शिल्लक राहू शकतो. बऱ्याच मॉनिटरना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधूनच (मुख्य विजेपासून वेगळं ठेवणाऱ्या) वीज द्यावी लागते. ट्यूब डिस्चार्ज करायची, म्हणजे उरलेला दाब काढून टाकायची, सवय नसेल तर ते काम जाणकाराकडेच द्या. बिघाड मात्र पुष्कळदा साधा निघतो: चासीवरचे (ट्यूब चालवणाऱ्या सर्किटवरचे) सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि तडकलेले सोल्डर जोड.

पॉवर सप्लाय बदलताना मला कधीच हळहळ वाटत नाही. थकलेल्या सप्लायचे ५ व्होल्ट बोर्डापर्यंत कमी होऊन पोहोचतात आणि चिपा खराब असल्याचा भास होतो, म्हणून मल्टिमीटर बोर्डावरच लावून पाहा. काही जुन्या मेमरी चिपांना १२ आणि उणे ५ व्होल्टही लागतात, तेव्हा नवा सप्लाय निवडताना तेही बघा.

बोर्डावर सगळ्यात आधी बॅटरी शोधा. निकेल-कॅडमियम बॅटरी गळून तांब्याच्या रेषा खाते. कॅपकॉमच्या सीपीएस-२ (१९९३) बोर्डांवर बॅटरीच गेमची गुप्त किल्ली जिवंत ठेवते; ती संपली की गेम बंद पडतो. किल्ली परत भरता येते, पण त्यासाठी वेगळं उपकरण लागतं. ईप्रॉमच्या (अतिनील प्रकाशाने पुसली जाणारी गेमची मेमरी चिप) काचेवरचा स्टिकर निघाला असेल तर काच लगेच झाका आणि चिपमधल्या माहितीची प्रत काढून ठेवा.

बोर्ड चालू आणि ट्यूब मेलेली असेल तर मी मूळ बोर्डच ठेवेन. त्याचा १५ किलोहर्ट्झचा सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर लावून तात्पुरता एलसीडी जोडेन, आणि त्याच मापाच्या जुन्या टीव्हीची ट्यूब शोधत राहीन. ट्यूबच्या मानेच्या पिना आणि योक (किरण वळवणारी गुंडाळी) चासीशी जुळले, तर ती मूळ जागी बसते.