खाट मिळाली, पण संडास किती लांब?

तात्पुरत्या कोविड केंद्रांचा हा हिशोब रुग्णाच्या बाजूने. चिकलठाण्याची मेल्ट्रॉनची इमारत, अंबाजोगाईजवळचं लोखंडी सावरगाव, तालुक्यांतली वसतिगृहं, मंगल कार्यालयं. मराठवाड्यात जागा मिळेल तिथे खाटा पडल्या. खाटांचे आकडे रोज जाहीर व्हायचे. संडास किती आणि किती लांब, हे कुणी विचारलं नाही.

घोळ तिथेच होता. ऑक्सिजनवर पडून 94 सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) दाखवणारा माणूस मास्क काढून वीस-तीस पावलं चालला की आकडा 85 च्याही खाली जाऊ शकतो. त्यात आतून कडी. कोसळला तर कळणार कुणाला? खाटेवरचं शौचाचं भांडं नको म्हणून म्हातारी माणसं पाणीच कमी प्यायची, तेही एप्रिल-मेच्या उन्हात. जिथे चाकाच्या गाडीवर बी-टाइप, म्हणजे छोटं सिलिंडर असायचं तिथे प्रश्न मिटला: 1500 लिटर, म्हणजे मिनिटाला 10 लिटरने अडीच तास. कमोडची खुर्ची खाटेशी आणणं त्याहून सोपं. कडी तर काढूनच टाकावी.

दुसरी कसोटी रात्रीची. जम्बो, म्हणजे मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण 7000 लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला 15 लिटर सोडला तर रात्री आठला जोडलेलं सिलिंडर पहाटे पावणेचारला रिकामं, वायसर गळत असेल तर आणखी आधी. नेमकी तेव्हाच ड्यूटीवरच्यांना डुलकी लागते. म्हणून जोडल्याची वेळ आणि फ्लो खडूने सिलिंडरवरच लिहिणारी केंद्रं उजवी. ह्युमिडिफायरच्या, म्हणजे ऑक्सिजन ओला करणाऱ्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे थांबले की मावशींनाही कळायचं, एवढं त्यांना शिकवलेलं असलं की झालं. हवेतून ऑक्सिजन काढणारा, मिनिटाला पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर वीज गेली की बंद. त्याच्या शेजारी भरलेलं सिलिंडर आणि पाना नसेल तर ती खाट ऑक्सिजनची म्हणू नये.

ऑक्सिजन वाढावा म्हणून पालथं झोपा, हे सगळीकडे सांगायचे. उशी मात्र एकच. मानेखाली एक, छाती ते मांड्यांखाली एक-दोन, नडग्यांखाली दोन, अशा चार-पाच लागतात. नाहीतर पोट दबतं आणि माणूस दहा मिनिटांत उताणा होतो. घरून आणलेली वाकळ घडी करून छातीखाली घेतली तरी भागतं. जेवल्यावर तासभर पालथं व्हायचं नाही, हे जेवण वाढतानाच सांगायला हवं होतं.

जेवणाला बोल लावण्यासारखं फार नाही. वरण-भात, पोळी, कुठे भाकरी, उकडलेलं अंडं. डबे गार यायचे इतकंच.

घरी सोडताना मात्र घाई नडली. स्टेरॉइडने साखर चढते, आणि 2021 मध्ये म्युकर (काळी बुरशी) वाढला तो मुख्यतः अशाच रुग्णांत. तरी बऱ्याच डिस्चार्ज कार्डांवर स्टेरॉइडची गोळी किती दिवस घ्यायची हे अर्धवट, आणि शेवटची साखर लिहिलेलीच नाही. ग्लुकोमीटर मात्र वॉर्डातल्या टेबलावरच होता.