आरएक्सच्या टाकीवरचं जुनं लॅकर काढून टू-के क्लिअर मारून घेतलं, जळगावच्या पेंटवाल्याचा रिव्ह्यू

काम एक नंबर, टाइमिंग बेकार. पाचपैकी चार देतोय, जो एक कापला तो फक्त "उद्या या ना भाऊ" साठी.

दुकान अजिंठा चौफुलीकडून पुढे गेलं की लागतं, पत्र्याचं शेड आहे, नावाची पाटी नाही, बाहेर चार-पाच टाक्या आणि मडगार्ड लटकवलेले दिसतात तेच ओळखायचं. मालकांना सगळे नाना म्हणतात. वय साठच्या आसपास, बोलणं कमी, आणि बोलले तर अर्धं अहिराणीत.

आता काम काय होतं ते सांगतो, कारण हे साधं डेंटिंग-पेंटिंग नव्हतं. गाडी दादाची, यामाहा आरएक्स १००, ही गाडी भारतात १९९६ ला बंद झाली त्यामुळे ओरिजनल टाकी म्हणजे आता सोनंच. त्या टाकीवर आमच्या भाचीने हाताने चित्र काढलंय, एका बाजूला सातपुडा आणि मनुदेवीचा धबधबा, दुसऱ्या बाजूला केळीची बाग, सगळं ऑइल पेंटच्या छोट्या डब्यांमधून, बारीक ब्रशने. पोरीने सुट्टीभर बसून केलेलं काम आहे ते, स्टिकर नाही की उचकटलं आणि दुसरं लावलं. त्यावर आधी दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने स्प्रेच्या डब्यातलं साधं लॅकर मारून दिलं होतं, म्हणजे चित्र टिकावं म्हणून वरून मारायचा पारदर्शक चमकदार थर, यालाच क्लिअर म्हणतात. पहिले दिसायला झकास, चमक बघून लोक पंपावर विचारायचे. पण पंपावरच त्याची वाट लागली, कारण टाकी फुल करताना पेट्रोल थोडं तरी सांडतंच, आणि झाकणाच्या भोवती ते लॅकर आधी चिकट झालं, मग पांढरट, मग नखाने निघायला लागलं. उरलेलं एका उन्हाळ्यात पिवळं पडलं. धबधब्याचं पाणी हळदीचं वाटायला लागलं भो.

मी अजून तीन ठिकाणी विचारून आलो होतो. तिघांचं उत्तर एकच, रिमूव्हर (रंग उचकटणारं केमिकल) टाकू, टाकी पत्र्यापर्यंत कोरी करू, नवीन कलर मारू, चित्राचं विसरा. नानांनी पहिले काय केलं तर टाकीच्या खालच्या बाजूला, सीटखाली जिथं दिसत नाही तिथं थिनरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा हलकेच घासला. बोळा चिकटायला लागला, लॅकर विरघळलं. म्हणे हे वन-के आहे, टू-के असतं तर बोळ्याला काही झालं नसतं. एवढ्या एका टेस्टवर माझा विश्वास बसला, कारण बाकीच्या तिघांनी टाकीला हातसुद्धा लावला नव्हता.

आता हे वन-के टू-के प्रकरण थोडक्यात, कारण मला स्वतःला तिथं बसूनच नीट कळलं. वन-के म्हणजे नुसतं लॅकर, त्यातलं थिनर उडालं की वाळलं, केमिकल काही बदलत नाही, म्हणून परत थिनर लागलं की परत पातळ होतं, आणि पेट्रोलही त्याला हळूहळू तेच करतं. त्यात आता पंपावर ई२० पेट्रोल येतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल, ते तर अशा लॅकरला आणखीनच खातं. टू-के मध्ये हार्डनर, म्हणजे थर कडक करणारं केमिकल, वेगळा येतो, मारायच्या आधी मापाने मिसळायचा, मग ते आतून पक्कं जुळतं आणि एकदा पिकलं की थिनरने विरघळत नाही. टाकीसाठी टू-केच. हेल्मेट स्टँडला, लाकडी खेळण्याला, भिंतीवरच्या फ्रेमला वन-के चालतं, तिथं पेट्रोल कोण सांडतंय.

पण यातली खरी गोम उलटीच आहे आणि ती कोणी दुकानदार आधी सांगत नाही. वन-के खराब होतं पण काढता येतं. टू-के खराब होत नाही पण मग काढताही येत नाही, म्हणजे चित्र ठेवून काढता येत नाही. ते काढायचं म्हटलं की एकतर पॉलिश पेपरने घासा नाहीतर रिमूव्हर, आणि रिमूव्हरला क्लिअर कुठं संपलं आणि चित्र कुठं सुरू झालं ते कळत नाही, तो सगळंच फुगवून वर आणतो. म्हणून नानांनी भाचीला फोनवर विचारलं, चित्रात अजून काही करायचंय का, करायचं असेल तर आत्ता कर, नंतर नाही. हे मला फार आवडलं. गिऱ्हाईक मी, पैसे दादाचे, पण विचारलं जिने काढलं तिला.

काढायचं काम कसं केलं ते बघण्यासारखं होतं. टाकी गाडीवरून उतरवली, पेट्रोल पूर्ण काढलं, कॉक बंद, आतून हवा खाऊ दिली, आणि झाकणाचं तोंड मास्किंग टेपने पॅक. थिनर वापरलंच नाही, म्हणे लॅकर विरघळेल तेव्हाच खालचा ऑइल पेंटही फुगेल. सगळं पाण्याच्या पॉलिश पेपरवर, साबणाचं पाणी टाकत. आणि इथं एक गोष्ट शिकलो, क्लिअर घासताना जे पाणी ओघळतं ते दुधासारखं पांढरं असतं. पांढरं आहे तोपर्यंत तुम्ही क्लिअरमध्येच आहात. ज्या क्षणी पाण्यात हिरवं किंवा निळं दिसलं त्या क्षणी हात उचलायचा, तुम्ही चित्रावर पोचलात. नाना दर दोन-चार हातांनी पाणी पुसून बघत होते, पोरगं मधे मोबाईल घेऊन आलं तर त्याला हाकलून दिलं.

ब्रशने काढलेल्या चित्राचा आणखी एक त्रास आहे जो स्प्रेच्या कलरला नसतो. ब्रशचे फटकारे वर उठलेले असतात, पेपर फिरवला की पहिले तीच टोकं कापली जातात आणि खाचेतलं लॅकर तसंच राहतं. त्यामुळे नानांनी पूर्ण टाकी कोरी केलीच नाही. झाकणाभोवती जिथं लॅकर सुटलं होतं तिथं पूर्ण काढलं, बाकी ठिकाणी पिवळा वरचा थर खाली आणला आणि चमक घालवून मॅट केलं, म्हणजे नवीन क्लिअरला धरायला जागा मिळते. खाचांमध्ये किंचित पिवळेपणा अजून आहे, जवळून बघितलं तर दिसतो. मला चालतो. झाकणाजवळचं एक केळीचं पान मात्र अर्धं गेलं, ते सुटलेल्या लॅकरसोबतच गेलं, पेपरचा दोष नाही. भाची रावेरहून आली, पान परत काढून गेली, आणि मग ते ऑइल पेंट नीट सुकेपर्यंत टाकी तशीच पडून. कच्च्या ऑइल पेंटवर टू-के मारलं की त्यातलं थिनर खाली जातं आणि कलर सुरकुततो, आणि असं झालं तर उपाय नाही, हे नानांनी मला एवढ्या वेळा ऐकवलं की पाठ झालं. मी घाई करत होतो तर म्हणे, "घाई करशी ते परत मन्हाकडेच येशी."

मारायची वेळ सकाळची. मार्च असला तरी आपल्याकडचं ऊन माहीत आहे, दुपारी पत्रा एवढा तापतो की क्लिअर टाकीवर पसरायच्या आधीच सुकतं आणि खरखरीत दाणा राहतो. मे महिन्यात ते म्हणे साडेसहा-सातलाच गन हातात घेतात आणि थिनर सावकाश उडणारं वापरतात. पावसाळ्यात उलटा त्रास, हवेतल्या दमटपणाने क्लिअर पांढुरकं पडतं. आणि दिवाळीच्या आसपास कापसाचे ट्रक रस्त्यावरून जात असतात, तेव्हा हवेतले तंतू ओल्या क्लिअरवर येऊन बसतात, त्या दिवसांत ते टाकीचं काम शक्यतो घेतच नाहीत. जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवली, टाकी टॅक क्लॉथने (धूळ टिपणारं चिकट फडकं) पुसली, मग पहिला हात अगदी कोरडा, दुरून, नुसता फुसफुस. कारण खाली जुनं लॅकर शिल्लक होतं आणि पहिलाच हात ओला पडला असता तर ते उकललं असतं. पंधरा-वीस मिनिटं सोडून दुसरा हात, मग तिसरा ओला, भरलेला. कुठंही ओघळ नाही. मी शोधला, टॉर्च लावून शोधला.

मास्कचं एक सांगतो. नाना स्वतः जाड डबीवाला मास्क लावतात, दोन्ही बाजूंनी फिल्टरच्या डब्या असतात तो, आणि मला शेडच्या बाहेर काढलं. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसात गेलं तर दम्यासारखा त्रास होतो आणि एकदा शरीराने धरलं की नंतर थोड्याशा वासानेही होतो. रुमाल किंवा कापडी मास्कने काही होत नाही. हे लिहितोय कारण टू-के आता स्प्रेच्या डब्यातही मिळतं, बुडाशी बटण असतं, ते दाबलं की हार्डनर आत फुटतो आणि मग डबा त्याच दिवशी संपवायचा, आणि आपली पोरं ते घरात, बंद खोलीत, फॅन लावून मारतात. गच्चीवर जा रे बाबांनो, आणि मास्क आधी घ्या.

दुकानात टाकीशिवाय पण बरंच काही येतं. मोबाईलचे कव्हर, ब्लूटूथ स्पीकर, पेंट केलेली क्रिकेटची हेल्मेटं. हातात धरायच्या वस्तूला घाम आणि हाताचं तेल लागतं त्यामुळे तिथंही वन-के काही महिन्यांत चिकट होतं, कोपरे पहिले जातात. प्लास्टिक असेल तर नाना आधी कोपऱ्यात टेस्ट करतात, काही प्लास्टिक थिनरने तडकतं. एक कॉलेजचं पोरगं रंगवलेली व्हेपची डबी घेऊन आलं होतं, क्लिअर मारून द्या म्हणून, नानांनी हातच लावला नाही. एकतर ई-सिगरेटवर देशात २०१९ पासून बंदी आहे, विकणं-साठवणं सगळंच गुन्हा, आणि दुसरं म्हणजे जी वस्तू गरम होते आणि तोंडाला लागते तिच्यावर असलं काही मारायचं नसतं. पोराने वाद घातला की वरच्या बॉडीलाच मारा, तोंडाला नको. नाना चहा प्यायला निघून गेले.

आता निकाल. टाकी घरी आणल्यावर आठवडाभर ऊन, पेट्रोल, कव्हर काहीच लावायचं नाही सांगितलं होतं, वॅक्स तर महिनाभर नाही. दादाला कव्हर घालायची फार हौस, त्याला रोखणं हे या सगळ्यातलं सर्वात अवघड काम. त्यानंतर पेट्रोल अनेकदा सांडलंय, पुसलं की साफ, चिकटपणा नाही. खरी परीक्षा मात्र केळीच्या चिकाची. दादा बागेतून येताना टाकीवर घड टेकवून आणतो, सांगून ऐकत नाही, आणि केळीचा चीक कपड्याला लागला तर कपडा गेला हे रावेर-यावलकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. टाकीवरचा चीक ताजा असताना ओल्या फडक्याने निघाला, एकदा वाळून काळपट झाला होता तो हलक्या रबिंग कंपाउंडने गेला. जुन्या लॅकरवर तो डाग कायमचा बसला होता. पिवळेपणाचं आत्ताच काही बोलत नाही, त्यासाठी भुसावळ-जळगावचा एक पूर्ण मे जायला पाहिजे.

पैसे १८०० घेतले, क्लिअर-हार्डनर धरून. बाकीचे कोरी टाकी करून नवीन कलरचे जवळपास तेवढेच सांगत होते, त्यामुळे महाग म्हणता येत नाही. पावती मागितली तर वहीचं पान फाडून दिलं.

तक्रारी दोन. तारीख कधीच खरी नसते, फोन उचलत नाहीत, जाऊनच बघावं लागतं, आणि गावाकडून येणाऱ्याला हे परवडत नाही. दुसरं म्हणजे झाकणाच्या रबराखाली, अगदी कडेला, क्लिअर थोडं पातळ आहे, टेप चिकटवलेल्या रेषेवर बारीक कंगोरा लागतो हाताला. पेट्रोल आधी तिथूनच शिरणार हे नानांनाही माहीत आहे. दाखवलं तर म्हणाले घेऊन या, कड ओढून देतो, फुकट. कधी विचारलं तर उत्तर आलं, उद्या या ना भाऊ.