किकफ्लिप आधी की हीलफ्लिप?

चालत्या स्केटबोर्डवर ऑली, म्हणजे हात न लावता बोर्डसकट मारलेली उडी, पक्की बसली की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो: उडीत बोर्ड त्याच्या लांबीभोवती पूर्ण फिरवणाऱ्या या दोन ट्रिकपैकी आधी कुठली? ऑली अजून हिरवळीवर किंवा फरशीच्या फटीत चाकं अडकवून होत असेल, तर हा वाद तूर्त बाजूला ठेवा.

बहुतेक जण किकफ्लिपच धरतात, आणि ते समजण्यासारखं आहे. दोन्ही ट्रिक स्केटबोर्डर रॉडनी मलनच्याच, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीच्या. पण नाव झालं ते किकफ्लिपचं. कुठेही बोर्ड घेऊन उभे राहिलात की चुका सांगायला कोणी ना कोणी भेटतंच. व्हेरियल किकफ्लिप (बोर्ड सोबत आडवाही अर्धा फिरतो) आणि ट्रे फ्लिप (आडवा पूर्ण फेरा) यांचा पायाही हाच. ट्रे फ्लिपसाठीच बोर्ड घेतला असेल, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

मला किकफ्लिपचा कंटाळा आला तो पुढच्या पायामुळे. फ्लिक (पायाचा झटका) बरी होत होती, बोर्ड पूर्ण फिरून ग्रिप टेपची खरखरीत बाजू वर यायची, मागचा पाय चाकांवरच्या बोल्टवर अचूक पडायचा आणि पुढचा पाय जमिनीवर. दर वेळी. ‘कमिट कर रे’ हा सल्ला मिळतोच, पण त्याने काही होत नाही. किकफ्लिपमध्ये पाय टाचेकडच्या कडेवरून तिरका बाहेर जातो आणि बोर्ड आपल्या दिशेने फिरतो. मधेच अडकला की कड सरळ नडगीवर. दोन-चारदा तसं झालं की पाय आपल्याला न विचारता बाहेर पळतो, आणि एकदा ती खोड लागली की सुटता सुटत नाही. मित्रमंडळींतही हाच रोग पाहिलाय, कित्येकांचे महिने त्यात गेलेत.

हीलफ्लिपमध्ये बोटं पुढच्या कडेबाहेर काढायची आणि निसटताना टाचेने झटका द्यायचा. बोर्ड आपल्यापासून लांब, डोळ्यांसमोर फिरतो, त्यामुळे पाय परत कधी आणायचा ते दिसतं. निदान मला तरी दोन्ही पाय बोर्डवर यायला इथे फार झगडावं लागलं नाही.

तिचाही त्रास आहेच. वजन टाचांवर गेलं की बोर्ड पुढे सटकतो आणि आपण बुडावर. पेव्हर ब्लॉकवर ते चांगलंच लागतं. उपाय म्हणजे पॉपच्या वेळी, म्हणजे बोर्डची शेपटी जमिनीवर आपटताना, छाती बोटांच्या वर ठेवायची. बोर्ड कडेवर उभा राहून तळव्यात घुसणं दोन्हीकडे सारखंच, त्यात डावं-उजवं करण्यात अर्थ नाही.

बुटांचं म्हणाल तर किकफ्लिप ऑलीच्याच जागी, करंगळीपाशी, बूट खाते. स्वेड थोडे दिवस तग धरतं, कॅनव्हासला भोक पडायला वेळ लागत नाही. मग शिवणीवर फेव्हिक्विक लावत बसायचं. हीलफ्लिपची झीज माझ्या बुटांवर जरा पसरून झाली.

अर्थात प्रत्येकाचा पाय वेगळा. स्वतःची ऑली बाजूने मोबाइलवर शूट करून पाहा. वर जाताना पुढचा पाय टाचेकडच्या कडेकडे ओढला जात असेल, तर किकफ्लिप लवकर येईल असं वाटतं. बोटं पुढे बाहेर डोकावत असतील, तर हीलफ्लिप. आणि व्हिडिओत काहीच ठरत नसेल, तरीही मी हीलफ्लिपच म्हणेन.