सणवार उपक्रमसंच : आठ महिने वर्गात वापरून झाल्यावर

जुलैमध्ये घेतलेला हा संच आता इतका हाताळून झालाय की पोळ्याच्या पुस्तिकेचं कव्हर सेलोटेपवर तगून आहे. शाळा द्विशिक्षकी, माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र, पट सव्वीस. साडेसातशे रुपये, अर्थातच स्वखर्चाने. नागपंचमीपासून पाडव्यापर्यंत बारा पुस्तिका आणि प्रत्येकीत मराठी, गणित, परिसर अभ्यास, इंग्रजी, कला अशी सगळ्या विषयांची पानं. संचाचं नाव मुद्दाम देत नाही. असे संच आता पुष्कळ मिळतात आणि सगळ्यांची धाटणी साधारण एकच असते.

निम्मी पानं सणाची नाहीतच. वर मोदकाचं चित्र आणि खाली ‘एका ताटात 6 मोदक, तर 7 ताटांत किती?’ मोदकांच्या जागी खोडरबर ठेवले तरी गणिताचं काही बिघडत नाही. दिवाळीच्या पुस्तिकेत हे पान आलं तेव्हा चौथीतली एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, हे गणपतीचंच गणित आहे, फक्त पणत्या घातल्यात.” उलगडून पाहिलं तर आकडेसुद्धा तेच, सहा आणि सात. संक्रांतीला पतंग आले तेव्हा पोरं उत्तर आधीच ओरडून मोकळी.

पण गणपतीच्या पुस्तिकेत कोपऱ्यात एक लहानसा तक्ता आहे, त्याने माझे पैसे वसूल केले. चार वर्षांच्या गणेश चतुर्थीच्या तारखा: 31 ऑगस्ट 2022, 19 सप्टेंबर 2023, 7 सप्टेंबर 2024, 27 ऑगस्ट 2025. खाली प्रश्न इतकाच की कोणत्या वर्षी गणपती सर्वांत लवकर आले. मी गट पाडले आणि विचारलं, एका गणपतीपासून दुसऱ्या गणपतीपर्यंत दिवस किती? दोन दिवस फळा भरून वजाबाक्या झाल्या. 2024 ते 2025 सगळ्यांचं 354 आलं. त्याआधीच्या वर्षाचं एका गटाचं 353 आलं, बाकीच्यांचं 354. भांडण झालं आणि मग कुणाला तरी 29 फेब्रुवारी आठवला. 2022 ते 2023 मात्र 384. मलाही वाटलं पोरं चुकली, परत करायला लावलं. पुन्हा 384. शेवटी एका मुलाने घरून 2023चं जुनं कालनिर्णय आणलं, त्यात श्रावण दोनदा! अधिक मास म्हणजे काय हे सांगायला मला एरवी अर्धा तास लागला असता आणि कुणाच्या डोक्यात राहिलंही नसतं.

मग 2026चा अंदाज. सगळ्यांनी सत्तावीसातून अकरा वजा करून 16 ऑगस्ट सांगितला. मी 14 सप्टेंबर लिहिलं आणि गप्प बसले. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, 17 मे ते 15 जून, हे त्यांनीच दुसऱ्या दिवशी शोधून आणलं. त्यावर वर्गातल्या एका मुलाने विचारलं, “मग ईदला का नाही असं होत?” 11 एप्रिल 2024 आणि 31 मार्च 2025, पुन्हा 354. हिजरी वर्षात अधिक महिना घालत नाहीत, त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरते; एक फेरी पुरी व्हायला साधारण तेहेतीस वर्षं लागतात. त्याच्या आजोबांनी मे महिन्यातले रोजेही धरलेत आणि डिसेंबरमधलेही, असं तो दुसऱ्या दिवशी विचारून आला. या सगळ्याला संचात ईदच्या वाट्याला काय, तर ‘चंद्र रंगवा’. एक पान.

नवरात्राचं पान मुळातच चांगलं आहे: गहू पेरा, रोज उंची मोजा, तक्ता भरा. रकाने नऊ. 2025मध्ये एका तिथीची वृद्धी झाली, म्हणजे एकच तिथी दोन दिवस आली; घटस्थापना 22 सप्टेंबरला आणि दसरा 2 ऑक्टोबरला, म्हणजे नवरात्र दहा दिवसांचं. पोरांनी तक्त्याच्या कडेला पेन्सिलीने दहावा रकाना ओढला. आम्ही एक कुंडी खिडकीत ठेवली, एक कपाटात. दहाव्या दिवशी खिडकीतलं रोप 13 सेंमी आणि कपाटातलं 19, पण पिवळं आणि लुळं. देवघरातल्या घटाचं धान पिवळसर का दिसतं, ते मग मला सांगावं लागलं नाही.

भोंडल्याची खिरापत ओळखण्याचा खेळ इंग्रजीच्या पानावर टाकलाय, ही कल्पना ज्याची असेल त्याला नमस्कार. “इज इट स्वीट? इज इट राउंड?” करत वर्षभरात तोंड न उघडलेली दोन मुलं बोलली. खिरापत शेंगदाण्याचे लाडू होती. इंग्रजीची बाकीची पानं दहा ओळी उतरवून काढायची आहेत, त्यांच्यावर वेळ घालवू नका.

दिवाळीचं रांगोळीचं पान नुसतं रंगवायला दिलंय, तेवढ्यावर सोडू नका. ठिपके मोजायला लावा. 7 ते 1 ठिपक्यांच्या रांगोळीत, म्हणजे मधली ओळ सातची आणि दोन्हीकडे एकेक कमी होत एकपर्यंत, एकूण 49 ठिपके येतात. 7 ते 4 घेतली तर 37. पहिल्या रांगोळीत सात गुणिले सात का येतं, हे एका मुलाने वही पंचेचाळीस अंशांत तिरकी धरून दाखवलं. मी इतकी वर्षं रांगोळी काढतेय, मला सुचलं नव्हतं.

आता दोन गोष्टी ज्यावर मी खरंच चिडले. गणपतीच्या पुस्तिकेत ‘एकवीस पत्री गोळा करून वहीत चिकटवा’ असा उपक्रम आहे. यादीत धोतरा आहे, कण्हेर आहे, रुई आहे. धोतरा-कण्हेर विषारी, रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हे एकट्याने गोळा करायला सांगताना पानावर सावधगिरीची एक ओळ नाही. आम्ही ही तीन झाडं फक्त लांबून पाहिली आणि चित्रं काढली. नागपंचमीच्या पुस्तिकेत हेच लोक किती नीट लिहितात! नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांची ओळख, साप दूध पीत नाही, सापाला हात लावायचा नाही, सगळं आहे.

दुसरी संक्रांतीची चूक. ‘14 जानेवारीपासून सूर्य उत्तरेकडे सरकू लागतो’ असं ठळक छापलंय. सूर्य 21-22 डिसेंबरलाच वळतो. नुसतं खोडण्यापेक्षा आम्ही मैदानात एक मीटरची काठी रोवली आणि साडेबारा ते एकच्या दरम्यानची सर्वांत आखूड सावली मोजत गेलो. 22 डिसेंबरला 91 सेंमी, 13 जानेवारीला 85. म्हणजे संक्रांत यायच्या आधीच सावली सहा सेंमीने आखडलेली. प्रकाशकांना कळवलं, ‘पुढच्या आवृत्तीत पाहू’ असं उत्तर आलं.

बारीकसारीक: पानांना गडद रंगीत पार्श्वभूमी आहे, झेरॉक्स काळीकुट्ट येते. सव्वीस मुलांना एक संच म्हणजे झेरॉक्स आलीच, त्यामुळे मी बरीच पानं फळ्यावर उतरवली. पोळ्याच्या पुस्तिकेत तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याचा, उल्लेख नाही; विदर्भातल्या शिक्षकांना ते खटकेल. पहिली-दुसरीसाठी घेऊ नका, वाचायचा मजकूर फार आहे. तिसरी-चौथीला घ्या, पण दुकानात आधी गणिताची पानं उघडून बघा. चित्र झाकलं तरी गणित तसंच राहत असेल, तर साध्या सरावपुस्तिकेत तेच साठ रुपयांत मिळतं.

होळीची पुस्तिका अजून काढलेली नाही. चाळताना हळदीचं पान दिसलं: हळद लावलेल्या कागदावर साबणाच्या पाण्याने लिहायचं, अक्षरं लाल उमटतात. रविवारी घरी करून बघते. आधी जुन्या ओढणीवर काही सांडणार नाही याची सोय करायला हवी.