रॅली फेअरिंग की उंच व्हायझर आणि हँडलवरचा डॅशबोर्ड? दोन्ही वापरून झाल्यावर

चिपळूणचा मामेभाऊ गेला महिनाभर हाच प्रश्न विचारतोय आणि फोनवर दरवेळी अर्धंच बोलणं होतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतो, अजून कोणी याच विचारात असेल तर त्यालाही उपयोग होईल. ॲडव्हेंचर बाइकला पुढून पूर्ण रॅली फेअरिंग घालायचं, म्हणजे वारा अडवणारं पुढचं अख्खं आवरण, आत फ्रेमला टॉवर (उभा सांगाडा) आणि त्यावर हेडलाइट, मीटर, मोबाइल, स्विच सगळं एकत्र? की मीटर आहे तिथेच ठेवून नुसता उंच व्हायझर (वारा अडवणारं पारदर्शक प्लास्टिक) लावायचा आणि हँडलच्या क्रॉसबारवर छोटी प्लेट टाकून तिच्यावर आपला डॅशबोर्ड करायचा? माझ्या रॉयल एनफील्ड हिमालयन ४११ वर दोन्ही झालंय. आधी फेअरिंग, पूर्ण दोन पावसाळे. आता दीड वर्ष दुसरं. राहतो रत्नागिरीत, घरातून समुद्र चालत दहा मिनिटांवर, आणि पुढचं सगळं त्या दहा मिनिटांमुळेच आहे.

फेअरिंगचं जे चांगलं आहे ते आधी सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. एनएच ६६ ला पनवेलपर्यंत एका दमात जायचं असेल तर फरक अंगाला कळतो, वारा छातीवर येत नाही, खांदे दुखत नाहीत, पावसात हातमोजे सुद्धा उशिरा भिजतात. टॉवरवरची स्क्रीन नजरेच्या जवळ असते, मान खाली घालावी लागत नाही, आणि हँडल फिरलं तरी टॉवर सरळच राहतो. शिवाय स्क्रीन आडोशाला असल्यामुळे पावसाचे थेंब पडून मॅप आपोआप झूम होणं, भलतीच ॲप उघडणं हे प्रकार फार कमी. फक्त एक आहे, हा उंच टॉवर मुळात डाकारसारख्या रॅलीतला, तिथे गडी फूटरेस्टवर उभा राहून गाडी चालवतो आणि उभ्यानेच रोडबुक (वाटेच्या खुणांची गुंडाळी) वाचतो. आपण सागरी महामार्गावर बहुतेक वेळ बसूनच असतो, त्यामुळे त्या उंचीचा पूर्ण फायदा मला तरी कधी मिळाला नाही.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. फेअरिंग फायबरचं असेल तर कोकणात ते दुरुस्त करायला शहरात पाठवायची गरज नाही. जांभ्याच्या चिऱ्यांवर गाडी आडवी झाली आणि माझ्या फेअरिंगचा कोपरा फुटला, तेव्हा मिरकरवाड्यात होड्यांना फायबर मारणाऱ्या एका काकांनी आतून काचतंतूंची मॅट आणि रेझिन मारून असा काही जोडला की शेवटी तोच कोपरा सगळ्यात मजबूत होता. एबीएस प्लास्टिकचं असतं तर हे जमलं नसतं.

मग काढलं का? दाभोळच्या जेटीमुळे.

ऑगस्ट महिना, दापोलीहून घरी येत होतो, धोपाव्याची फेरीबोट खाडीपलीकडे होती म्हणून गाडी बंद करून उभा राहिलो. बोट आली, चावी फिरवली तर मीटर मेलेलं, यूएसबी मेलेली, हेडलाइट लागतोय-जातोय. इंजिन चालू होत होतं. फ्यूज बघितला, ठीक होता, म्हणजे कपलरच (वायरी जोडणारा प्लग). आणि कपलर टॉवरच्या मागे, फेअरिंगच्या आत. आठ एलन बोल्ट. सहा निघाले, सातवा गंजून आतून गोल झालेला, एलन की नुसतीच फिरतेय, आणि आठवा तर ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये असा धरून बसलेला की हलायला तयार नाही. शेवटी दोन बोल्ट तसेच ठेवून पॅनल एका हाताने ओढून धरला, टॉर्च तोंडात, दुसऱ्या हाताने चाचपडत कपलर सोडवला. पिनांवर हिरवा थर. खरवडला, परत दाबून बसवला, सगळं चालू. दुरुस्ती दोन मिनिटांची, तिथपर्यंत हात पोचायला दीड तास, दोन फेऱ्या डोळ्यांदेखत सुटल्या आणि पुढे तवसाळ-जयगडची बोट गाठायची होती ते टेन्शन वेगळंच.

बनवणाऱ्याला मी दोष देत नाही. खाऱ्या हवेत तांब्या-पितळेवर हिरवं चढणारच, आणि फेअरिंगच्या आत ऊन पोचत नाही, वारं खेळत नाही, ओल बसली की बसली. त्यानंतर कपलरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओल आत जाऊ न देणारं) भरलं, बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे आणले (समुद्राजवळ नेहमीच्या ३०४ पेक्षा ते टिकतात), ॲल्युमिनियममध्ये जाताना अँटीसीझ (बोल्ट जाम होऊ न देणारा लेप) लावलं कारण स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम खाऱ्या ओलीत एकमेकांना धरतात. फरक पडला. पण दर महिन्याला आठ बोल्ट काढून आत डोकवायचं ते काही सुटलं नाही, आणि लांब निघताना मनात ती धाकधूक कायमची राहिली.

आताचं साधं आहे. एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधून ३ मिमी ॲल्युमिनियमची प्लेट कापून घेतली, तिच्यावर व्होल्टमीटर, यूएसबी, दोन स्विच, मोबाइल होल्डर. सप्लाय पार्किंग लाइटच्या वायरवरून रिले (विजेवर चालणारा स्विच) घालून, फ्यूज वेगळा. कपलर मुद्दाम उघड्यावर, हात घातला की सापडेल असा, तोंड खाली आणि वायरला खाली एक झोळ, म्हणजे पाणी तिथूनच टपकून जातं. हिरवं याच्यावरही चढतं, पण मी ते चहा उकळेपर्यंत साफ करतो.

कमी आहे ते पण सांगतो. मॅप बघायला नजर खाली जाते. वारा खांद्यांना लागतो. जोराच्या पावसात टचस्क्रीन वेड्यासारखी वागते, म्हणून मी हेल्मेटमधल्या ब्लूटूथवर आवाज ऐकत जातो. आणि हँडलवर चांगला फोन लावू नका, मोटारसायकलच्या इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं असं ॲपलने २०२१ मध्ये स्वतः सांगितलंय. मी जुना फोन लावतो, खाली रबरी डॅम्पर. व्हायझरची वरची कड डोळ्याच्या रेषेच्या थोडी खाली ठेवा, रात्री पावसात प्लास्टिकमधून रस्ता बघणं फार वाईट, मी माझा दोन इंच कापून घेतला.

कायद्याचंही बघा, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांबद्दलच आहे आणि हेडलाइटसकट अख्खं तोंड बदललेलं लगेच नजरेत भरतं. इन्शुरन्सवाल्यालाही आधी विचारलेलं बरं.

पुण्या-कोल्हापूरला राहणारा, वर्षातून दोन-चारदा घाट उतरून येणारा आणि बाकी हायवेवर असणारा असेल त्याने फेअरिंग खुशाल घ्यावं, कदाचित त्याला माझा त्रास कधीच होणार नाही. पण गाडी बाराही महिने खाऱ्या वाऱ्यात उभी असेल तर मी स्वतः परत तिकडे जाणार नाही.

भावा, तू रविवारी गाडी घेऊन ये. माझं फेअरिंग पडवीत टांगलेलंच आहे, तुझ्या गाडीवर धरून बघू. फक्त त्याआधी माझी गाडी आरे-वारेपर्यंत एक चक्कर मारून आण.