अंगणवाडी की पाळणाघर? गावातल्या सेवेचा परखड आढावा

वर्धा-यवतमाळकडच्या गावांत लेकराला कुठंही ठेवायचं म्हटलं की सगळे ‘अंगणवाडी’च म्हणतात. ‘अंगणवाडीत लेकरं दिवसभर सांभाळत नाहीत’ या तक्रारीचं मूळ तिथंच आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी पालघरकडच्या बोर्डी गावात १९४५ साली बालशिक्षणाचं काम उभं केलं. लेकरं बालवाडीत येत नव्हती, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘वाडी’ म्हणजे बाग. घरामागच्या सांदवाडीतली तीच वाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनं हे नाव देशभर नेलं. पण दिवसभर सांभाळणं त्या शब्दात कधीच नव्हतं. ते ‘पाळणाघरा’त आहे. फ्रेंच ‘क्रेश’चा अर्थ गव्हाण; पॅरिसला १८४४ मध्ये कामकरी आयांच्या तान्ह्यांसाठी पहिलं क्रेश निघालं. मराठीनं गव्हाणीऐवजी पाळणा घेतला, हे बरंच झालं.

तीन ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी अंगणवाडी चांगलीच. रोजच्या आहारातल्या कॅलरी आणि प्रथिनं ठरलेली आहेत, वजन होतं, दंडघेर मोजतात. पट्टी ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, दाखवते. अशा लेकराला जास्तीचं पाकीट देऊन भागत नाही, आरोग्य केंद्रात न्यावंच लागतं.

तीन वर्षांखालच्यांना मात्र घरी न्यायचा कोरडा आहारच मिळतो. आई सांजेपर्यंत कापूस वेचते, मग तान्हं धुऱ्यावरच्या झोळीत, नाही तर मोठी बहीण शाळा बुडवून घरी. केंद्र सरकारच्या ‘पाळणा’ योजनेतलं अंगणवाडी-सह-पाळणाघर इथं कामाचं: सहा महिने ते सहा वर्षं, महिन्यात २६ दिवस, रोज साडेसात तास. नऊला उघडलं तर साडेचारला बंद. वेचणीच्या आणि सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत वेळ बदलून घ्या.

नाव घालण्याआधी स्वतः जाऊन पाहा. लेकरं सांभाळायला वेगळी बाई आहे का? सेविकाच मोबाईलवर नोंदी भरत बसली तर रांगणाऱ्यांकडे कोण पाहणार? झोळी गुडघ्याहून उंच नको, खाली सतरंजी हवी. लोखंडी पाइपाच्या काठावर नायलॉनची दोरी घासून तुटते, म्हणून गाठीजवळ रोज हात फिरवून पाहावा. मे महिन्यात टिनाखालची खोली भट्टी होते. कूलर लावला तरी समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर नुसता दमटपणा. तान्ह्यांची खिचडी घोटलेली असावी, आणि अख्खे शेंगदाणे-फुटाणे अजिबात नकोत, घशात अडकतात.

रोजगार हमीच्या कामावर पाच वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरीवर ठेवायची तरतूद आहे. काम मागतानाच तीही मागून घ्या.