वेढा की थेट चढाई?

येऊरची पहाटेची चढण उतरून ठाण्यात चहाला टेकलो की आमच्या गटात हा वाद हमखास निघतो: हिमालयातली मोहीम वेढा घालून, म्हणजे टप्प्याटप्प्याने छावण्या लावत आणि सामान वर पोचवत करावी, की दोघांनी पाठीवर सामान टाकून थेट चढावं?

वेढ्याचं ठळक उदाहरण 1953चं एव्हरेस्ट. जॉन हंट नेते, 350हून अधिक हमाल, एकावर एक छावण्या, प्राणवायूची नळकांडी आधीच वर पोचवलेली. 26 मे रोजी बोर्डिलन आणि इव्हान्स ही पहिली जोडी मुख्य माथ्याच्या थोडं खाली असलेल्या दक्षिण शिखरावरून परतली, तरी मोहीम संपली नाही. 29 मेला दुसरी जोडी, तेनसिंग आणि हिलरी, माथ्यावर उभी राहिली. त्यामागे कित्येक शेर्पांच्या पाठी होत्या, हे माथ्यावरचा तो प्रसिद्ध फोटो पाहताना मला दर वेळी आठवतं.

थेट चढाईत दुसरी जोडी नसते. 1975 साली मेसनर आणि हाबेलर हे दोघे गिर्यारोहक गाशेरब्रुम-1 हे 8,000 मीटरहून उंच शिखर असंच चढले. कृत्रिम प्राणवायू नाही, वाटेत बांधलेले दोर नाहीत, भरून ठेवलेल्या छावण्या नाहीत. वर कमी दिवस काढायचे, म्हणजे कधीही कोसळू शकणाऱ्या हिमकड्यांखालचा वावरही कमी. डोंगरावर कचराही फारसा राहत नाही.

मला मनापासून भावते ती हीच रीत. पण पहिल्यांदाच 6,000 मीटरला निघालेल्या आमच्या पोरांना मी छावण्या लावतच जायला सांगतो. मध्यरात्री डोकं ठणकायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, तर खाली उतरायला एक तंबू उभा असतो, स्टोव्ह असतो, कुणीतरी जागं असतं.